दुपारचा बाबा

१

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळचा चहा झाला, की सुशांत हेरवाडकर पॅसेजच्या टोकाच्या खोलीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. दोहा शहराच्या अल हिलाल भागातल्या त्यांच्या फ्लॅटची ती सगळ्यांत लहान खोली. बिल्डरने ती मोलकरणीसाठी काढलेली, म्हणून तिला खिडकीसुद्धा नव्हती. भैरवीला, म्हणजे त्याच्या बायकोला, तिथे बॅगा आणि लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या होत्या. पण सुशांतने पहिल्याच दिवशी ती खोली मागून घेतली. ऊन नाही, धूळ नाही, एसी बारा महिने चालू. त्याच्या कार्ट्रिजेससाठी याहून चांगली जागा अख्ख्या दोह्यात मिळाली नसती.

कार्ट्रिजेस म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या होम कॉम्प्युटरची. तळहाताएवढी प्लॅस्टिकची डबी, आत एक चिप, चिपमध्ये एक खेळ. कॉम्प्युटरच्या वरच्या अंगाला असलेल्या खाचेत ती खुपसायची, बटण दाबायचं, की टीव्हीवर खेळ सुरू. त्या काळी आखातात असे कॉम्प्युटर बऱ्याच घरांत असत. कीबोर्डवर इंग्रजीच्या जोडीला अरबी अक्षरं. कुवेतला नोकरी करणाऱ्या काकाने तसला एक मिरजेला आणला होता. सुशांत तेव्हा सात वर्षांचा. भावंडांना दहा-दहा मिनिटं वाटून दिलेली असत, आणि सुशांतची पाळी आली की नेमकी वीज जायची. ती भूक राहिलीच. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी, एका मालवाहतूक कंपनीच्या आयटी विभागात बऱ्या हुद्द्यावर बसून, तो ती भागवत होता.

एकसष्ट कार्ट्रिजेस होती त्याच्याकडे. प्रत्येक वेगळ्या पिशवीत, पिशवीत ओलावा शोषणारी पुडी, वर नंबर. दर शुक्रवारी एकच काढायचं, तासभर खेळायचं, मग खालच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कॉटन बडने पुसायच्या, वहीत तारीख टाकायची, आणि पुन्हा पिशवीत. मधेच दारावर टकटक व्हायची. दहा वर्षांची मृणाल बाहेरून विचारायची, "बाबा, आर यू डन?" आणि तो मान न वळवता म्हणायचा, "पाच मिनिटं, बाळा." ती पाच मिनिटं जेवायच्या वेळेपर्यंत लांबायची. मृणालही ते जाणून होती. दुसऱ्यांदा ती विचारायची नाही.

मार्चमधल्या एका शुक्रवारी त्याने एकसष्टावं कार्ट्रिज पिशवीतून काढलं. खेळायला नव्हे, नुसतं बघायला. हे नवीन आलेलं, राखाडी, लेबल नसलेलं. गेल्याच शुक्रवारी त्याने ते लख्ख पुसून ठेवलं होतं. सवयीने त्याने पट्ट्यांवरून कॉटन बड फिरवला.

बड काळा झाला.

त्याने दिव्याखाली धरून पाहिलं. पट्ट्यांवर बारीक, उभे, ताजे ओरखडे होते. कार्ट्रिज खाचेत पुन्हा पुन्हा घातलं-काढलं तर पडतात तसे. एकदा-दोनदा नाही. रोज.

२

ते कार्ट्रिज त्याला दोह्याबाहेरच्या दुखान गावात मिळालं होतं, दोन महिन्यांपूर्वी. वसंतराव नावाचे एक गृहस्थ तिथल्या तेल कंपनीच्या वसाहतीत पस्तीस वर्षं राहून आता कायमचे भारतात परतत होते. मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी टाकलं होतं की जुन्या कॉम्प्युटरचं काही सामान आहे, कुणाला हवं असेल तर येऊन घेऊन जा. सुशांत दुसऱ्याच दिवशी गाडी काढून गेला.

घर आवरत आणलेलं होतं, भिंतींवर फोटोंच्या खुणा तेवढ्या उरलेल्या. बसल्यावर सुशांतच्या लक्षात आलं, की घरात आतल्या कुठल्याच खोलीला दार नाही. बिजागऱ्या होत्या, चौकटी होत्या, दारं नव्हती. बेडरूमला नाही, स्वयंपाकघराला नाही. बाथरूमला तर नुसता पडदा लावलेला. सामान हलवताना काढली असतील, असं त्याने मनाशी म्हटलं. पण चौकटीतल्या स्क्रूंच्या भोकांवर रंगाचा हात फिरलेला होता, आणि तो रंगही जुना झाला होता.

वसंतराव मोजकं बोलले. खोकं दोन्ही हातांत धरून पुढे आले आणि त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, घरी कोण कोण असतं. सुशांत म्हणाला, बायको आहे, एक मुलगी आहे दहा वर्षांची. वसंतरावांचे पुढे आलेले हात तिथेच थबकले. मग त्यांनी ते खोकं टीपॉयवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"घ्यायचं तर तुमच्या हाताने घ्या," ते म्हणाले. "मी देत नाही."

म्हाताऱ्या माणसांच्या असतात काही समजुती. सुशांतने खोकं उचललं.

बिनलेबलाचं सोडून बाकीचे खेळ त्याच्या माहितीतले निघाले. बिनलेबलाचं लावलं तेव्हा पडदा निळा झाला. नाव नाही, गाणं नाही. पांढऱ्या रेघांनी काढलेला एक लांब पॅसेज, पलीकडच्या टोकाला खडूने काढल्यासारखा एक माणूस, अलीकडच्या टोकाला बंद दार. कुठलंही बटण दाबलं की माणूस दाराच्या दिशेने एक पाऊल टाकायचा आणि स्पीकरमधून 'टक' असा आवाज यायचा. चाळीस-पन्नास पावलांनी तो दाराशी पोचायचा. दार काही उघडायचं नाही. बस्स, एवढंच. जगभरच्या शौकिनांच्या फोरमवर सुशांतने फोटो टाकले, कुणालाच काही ठाऊक नव्हतं. अर्धवट सोडलेला खेळ असणार. असा एखादा हाती लागावा म्हणून लोक वर्षानुवर्षं झुरतात. तो खूश होता.

३

ओरखडे पाहिल्यावर त्याला आधी मृणालचाच संशय आला. पण तिला या खेळांचा कंटाळा होता. तिच्या टॅबवर याहून हजारपटींनी देखणे खेळ होते. भैरवी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. सकाळी सातला जायची, चारला यायची, आल्यावर पाय वर करून पडायची. तिला विचारलं तर ती हसली. म्हणाली, तुझ्या त्या संग्रहालयात मी झाडू मारायलासुद्धा तुझी परवानगी घेते.

सुशांत कॉम्प्युटरवाला माणूस होता. कारण शोधल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. त्याने कार्ट्रिज पुन्हा पुसलं, पिशवीत घातलं, पिशवीला चिकटपट्टी लावून तिच्यावर सही केली, आणि पिशवी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. पुढच्या शुक्रवारी चिकटपट्टी जशीच्या तशी होती. सही त्याचीच. आतलं कार्ट्रिज काढून पुसलं, तर बड काळा.

दमट हवेचा परिणाम असेल. धातू खराब असेल. त्याने स्वतःला चार कारणं सांगितली आणि ते खाचेत घालून बटण दाबलं.

निळा पडदा. पॅसेज. माणूस पलीकडच्या टोकाला नव्हता. तो अर्ध्या वाटेवर उभा होता.

सुशांतने बंद करून पुन्हा चालू केलं. अर्ध्या वाटेवरच. हे होणं शक्यच नव्हतं. कारण यातलं बाकी काही नसलं तरी एवढं त्याला पक्कं कळत होतं: या चिपमधून फक्त वाचता येतं. तिच्यात काही लिहिता येत नाही. छापलेल्या पुस्तकासारखी असते ती. चाळीस वर्षांपूर्वी माणूस टोकाला उभा केला असेल, तर तो जन्मभर टोकालाच उभा राहणार. खात्री करावी म्हणून त्याने स्क्रू काढून डबी उघडली. एक चिप, दोन फुटकळ भाग. बॅटरी नाही. आठवण ठेवायला जागाच नव्हती.

"बाबा," बाहेरून मृणालची हाक आली.

"पाच मिनिटं," तो म्हणाला, आणि उघड्या डबीकडे बघत राहिला.

४

शेजारच्या फ्लॅटमधल्या फरजानाभाभी मूळच्या रत्नागिरीच्या. मृणाल पावणेदोनला स्कूल बसमधून उतरली, की भैरवी येईपर्यंत त्यांच्याकडे थांबायची. तीन वर्षं असंच चाललं होतं. त्या गुरुवारी संध्याकाळी सुशांत लिफ्टमध्ये त्यांना भेटला. त्याने आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, की मृणालचा तुम्हाला फार त्रास होत नाही ना.

भाभींनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्या जराशा संकोचल्या होत्या.

"ती हल्ली कुठे येते आमच्याकडे?" त्या म्हणाल्या. "महिना होत आला. तुमी घरी असताव ना दुपारचे? म्हणून मी काय बोलली नाय."

सुशांत म्हणाला, की तो दुपारी ऑफिसात असतो. रोज.

भाभींनी त्याच्याकडे पाहिलं. टीव्हीचा आवाज येतो भिंतीतून, त्या म्हणाल्या. टक टक, टक टक. आणि पोरगी बोलत असते, हसत असते. लिफ्ट थांबली तेव्हा त्या पटकन उतरल्या. दार लावताना पुन्हा एकदा वळून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस आपल्यापासून काहीतरी लपवतोय, असं ते पाहणं होतं.

मृणाल डायनिंग टेबलावर चित्र रंगवत बसली होती. सुशांत तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. अशा खुर्चीवर आपण किती दिवसांनी बसतोय, हे त्याच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. त्याने जमेल तितक्या हलक्या आवाजात विचारलं, की दुपारी ती भाभींकडे का जात नाही.

"बट यू आर होम, बाबा," ती म्हणाली. रंगवणं थांबवलं नाही. दार बंद असतं, खाली टीव्हीचा उजेड दिसतो, मी दाराबाहेर बसून होमवर्क करते, असं तिने सगळं इंग्रजीतून सांगितलं. त्यात विशेष काही आहे असं तिला वाटतच नव्हतं.

"आणि मी काय करतो?"

"यू टॉक टू मी."

"काय बोलतो?"

मृणालने खडू खाली ठेवला. थोडा विचार केला. मग ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "विचारतोस ना रोज. आज शाळेत काय काय झालं, सगळं सांग म्हणून."

सुशांतने हे तिला कधीच विचारलं नव्हतं.

५

भैरवीला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. ती घाबरली, पण तिची भीती वेगळी होती. तिला वाटलं कुणाकडे तरी किल्ली आहे. आधीचा भाडेकरू, एसीवाला, कुणीही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्य दाराचं कुलूप बदललं. पॅसेजमध्ये आवाजही टिपणारा छोटा कॅमेरा लावला. कार्ट्रिज पुन्हा सही केलेल्या पिशवीत सीलबंद करून सुशांतने टोकाच्या खोलीला वेगळं कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली. मृणालला बजावलं, की बसमधून उतरलीस की सरळ भाभींकडे. ती हो म्हणाली.

"तू खरंच कधी विचारलं नाहीस तिला?" त्या रात्री जेवताना भैरवीने विचारलं. "शाळेत काय झालं म्हणून?"

सुशांत पाण्याचा तांब्या भरायला उठला.

रविवार म्हणजे तिथे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस; त्या दुपारी तो ऑफिसात मोबाइलवर कॅमेरा लावून बसला. पावणेदोनला मुख्य दार उघडलं; नव्या कुलपाची एक किल्ली अडीअडचणीसाठी मृणालच्या दप्तरात ठेवलेली होती. मृणाल आत आली, तिने बूट काढले, दप्तर ओढत पॅसेजच्या टोकाशी नेलं आणि बंद दारासमोर मांडी घालून बसली. दाराखालून निळसर उजेडाची चीर दिसत होती.

"आज ना गंमतच झाली," ती दाराला म्हणाली.

मग ती बोलतच सुटली. कुणाचा डबा सांडला, कुणी कुणाशी कट्टी घेतली, गणिताच्या मिस काय म्हणाल्या. मधे थांबायची, मान कलती करून ऐकायची, आणि "नाही रे, तसं नाही" म्हणून पुढे सांगायची. समोरून आवाज येत नव्हता. ती थांबली की फक्त टक, टक ऐकू यायचं.

सुशांतने तिला फोन लावला. कॅमेऱ्यात तिने दप्तरातून फोन काढलेला दिसला.

"बाबा, आतून कशाला फोन करतोस?" ती हसत म्हणाली.

"मृणाल, मी ऑफिसात आहे. नीट ऐक. ऊठ आणि भाभींकडे जा. आत्ताच्या आत्ता."

तिचं हसू गेलं. तिने फोन कानापासून दूर धरला. दाराखालच्या उजेडाकडे बघत ती थोडा वेळ ऐकत राहिली, आणि मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "माहीत नाही रे, कुणीतरी आहे. राँग नंबर असेल." आणि तिने फोन बंद केला.

एरवी पंचवीस मिनिटांचा रस्ता. त्या दिवशी प्रत्येक सिग्नल लाल लागला. तो घरी पोचला तेव्हा मृणाल टेबलाशी बसून दहीभात खात होती. टोकाच्या खोलीला त्याचं कुलूप तसंच होतं. त्याने ते उघडलं. आत अंधार. टीव्ही बंद. पण काचेजवळ हात नेताच, नुकत्याच बंद केलेल्या जुन्या टीव्हीसमोर होतं तसं, हातावरचे केस उभे राहिले, आणि काच गरम होती. वरच्या खणातली सही केलेली पिशवी सीलबंद होती आणि रिकामी होती. बिनलेबलाचं कार्ट्रिज कॉम्प्युटरच्या खाचेत होतं.

त्याने बटण दाबलं.

निळा पडदा. पांढऱ्या रेघांचा पॅसेज. पॅसेजमध्ये कुणीच नव्हतं. अलीकडच्या टोकाचं दार उघडं होतं. सुशांतने कुठलंही बटण दाबलेलं नव्हतं, तरी स्पीकरमधून पावलं वाजत होती.

६

त्याने ते कार्ट्रिज बाल्कनीत नेऊन हातोडीने फोडलं. चिपचे दोन तुकडे केले, दोन वेगळ्या पिशव्यांत घालून दोन वेगळ्या कचराकुंड्यांत टाकले. बाकीची साठ, कॉम्प्युटर आणि तो जुना टीव्ही, सगळं ऑफिसातल्या दानियालला देऊन टाकलं. दानियालला हे जुनं सामान आवडायचं. इतकी वर्षं जपलेलं कुणी असं कसं देऊन टाकतो हे त्याला कळेना. सुशांत म्हणाला, घरात जागा नाही. देताना त्याचा जीव तुटला नाही. त्याला फक्त घाई होती.

वसंतरावांना तो रोज फोन लावत होता. नंबर बंद लागायचा. मंडळाच्या ग्रुपमधून ते बाहेर पडले होते. भारतात ते कुठे गेले, कुणालाच पत्ता नव्हता. मग सुशांतला दुखानमधल्या चौकटी आठवल्या. त्याने स्क्रूड्रायव्हर आणला आणि त्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवलं. भैरवी दारात उभी राहून बघत होती. तिने दुसऱ्या बाजूने दाराला हात दिला.

भैरवीने दहा दिवस रजा काढली. ते दहा दिवस बरे गेले. मृणाल शाळेतून आली की आई घरी असायची. खोली रिकामी, दार नसल्याने पॅसेजच्या उजेडात. भैरवीने तिथे अखेर बरण्या मांडल्या. मृणाल थोडी हिरमुसलेली होती, कमी बोलायची. पण टेबलाशी बसून चित्रं काढायची, जेवायची, झोपायची. सुशांत रोज पाचच्या ठोक्याला ऑफिसातून निघायचा. घरी आला की तिला आवर्जून विचारायचा, आज शाळेत काय झालं.

"नथिंग," ती म्हणायची.

अकराव्या दिवशी भैरवी कामावर रुजू झाली. ठरल्याप्रमाणे फरजानाभाभी स्वतः खाली जाऊन मृणालला बसमधून उतरवून घेणार होत्या आणि पोचल्यावर सुशांतला फोन करणार होत्या. दोन वाजले तरी फोन आला नाही. त्यानेच लावला.

हो, आली होती ना, भाभी म्हणाल्या. जेवली पण.

"होती म्हणजे?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग भाभी म्हणाल्या, "तुमीच तर न्यायला आलात आत्ता. दारात उभे राहिलात. बोलला नाय काय. पोरगी धावत गेली तुमच्याकडे."

७

फ्लॅटच्या कुलपात त्याची किल्ली गेली, पण फिरेना. आतून कडी लावलेली होती. लिफ्टची वाट न बघता तो पाच मजले चढून आला होता. आकाशी शर्ट पाठीला चिकटला होता. दाराला कान लावल्यावर आधी स्वतःच्याच छातीची धडधड ऐकू आली. मग मृणालचा आवाज. ती काहीतरी सांगत होती, भरभरून, हसत. मधे थांबत होती. त्या थांबण्यात आता टक टक नव्हतं. कुणीतरी हळू बोलत होतं. शब्द कळत नव्हते. आवाज ओळखीचा वाटला. मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं स्वतःचंच बोलणं ऐकताना वाटतो तसा, थोडा परका.

त्याने बेल दाबली.

आतलं बोलणं थांबलं. पावलं दारापर्यंत आली. मोठ्या माणसाची, सावकाश. दाराच्या भिंगात आतला उजेड दिसत होता, तो विझला. कुणीतरी डोळा लावून बाहेर बघत होतं. मृणालचे डोळे त्या भिंगापर्यंत पोचत नव्हते.

सुशांतला दार फोडायचं होतं, ओरडायचं होतं. त्याच्याच्याने काही झालं नाही. तो त्या काळ्या ठिपक्यासमोर उभा राहिला, आणि त्याच्या मनात आलेली गोष्ट त्याने पुढे फक्त एकदाच, भैरवीला सांगितली. त्याच्या मनात आलं, की आपण नीट दिसतोय ना? शर्ट घामाने भिजलाय, केस विसकटलेत. हा माणूस आपल्याला आत घेईल ना?

पावलं परत गेली. कडी निघाली. दार मृणालने उघडलं.

तिच्या मागे पॅसेजमध्ये कुणीतरी बाथरूममध्ये शिरत होतं. अर्धा क्षण दिसला असेल. आकाशी शर्ट, पाठीवर घामाचा डाग, डावा खांदा किंचित उतरलेला. स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही. तरी सुशांतने ती ओळखली. बाथरूमचं दार लागलं आणि आत नळ सुरू झाला.

मृणालने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. ओळख नसलेला पाहुणा घरी आला तर कसं वागायचं हे तिला शिकवलेलं होतं, तशी ती वागली. दार पूर्ण उघडलं आणि बाजूला सरकली.

"तुम्ही बसा ना," ती म्हणाली. "बाबा आत आहे. येईलच."

तिने ट्रेमधून पाण्याचा ग्लास आणून त्याच्यासमोर ठेवला. सुशांत सोफ्याच्या कडेवर बसला. नळ बराच वेळ वाहत होता. मग बंद झाला. टॉवेल ओढल्याचा आवाज आला. ते दार उघडायला तो उठला नाही. चार वाजता भैरवी आली तेव्हा तो तसाच बसलेला होता, ग्लास भरलेला. भैरवीने जाऊन बाथरूम उघडलं. आत कुणी नव्हतं. बेसिनवरचा साबण ओला होता. तो हातात घेऊन ती कितीतरी वेळ उभी राहिली.

८

ते घर त्यांनी सोडलं. नोकरीचा करार मध्येच मोडून भारतात जाणं जमण्यासारखं नव्हतं, मृणालचं वर्षही बुडालं असतं. दोह्यातच, अल थुमामामध्ये, दुसरा फ्लॅट मिळाला. विमानतळ जवळ, दिवसभर डोक्यावरून विमानं जातात. आतल्या सगळ्या खोल्यांची दारं सुशांतने पहिल्याच दिवशी काढली. डॉक्टर झाले, शाळेच्या समुपदेशक बाई झाल्या. मुलगी हुशार आहे, आनंदी आहे, असंच सगळे म्हणाले. भैरवीने नोकरी सोडली. मृणाल शाळेतून येते तेव्हा आता ती घरी असते.

मृणाल फार सुरेख मराठी बोलायला लागली आहे. मंडळाच्या कार्यक्रमात बायका तिचं कौतुक करतात. इंग्रजी शाळेतली मुलगी, पण बघा कशी बोलते, आणि वडिलांनासुद्धा तुम्ही म्हणते, किती छान वळण लावलंय. भैरवी हसते आणि दुसरीकडे बघते. आईला मृणाल अजून तूच म्हणते.

दुपारी जेवण झालं की ती आपल्या खोलीत जाते. भिंतीकडे तोंड करून पलंगावर मांडी घालून बसते आणि शाळेत काय काय झालं ते सांगते. भैरवीने सुरुवातीला तिला उठवून आणलं, रागावून पाहिलं, रडून पाहिलं. मृणाल शहाण्यासारखी उठून यायची, आणि आईची पाठ वळली की परत जायची. आता भैरवी तिला उठवत नाही.

सुशांतने ऑफिसात सांगून सकाळी लवकरची वेळ मागून घेतली आहे. दोनपर्यंत तो घरी येतो. बूट न वाजवता आत येतो आणि तिच्या खोलीच्या रिकाम्या चौकटीला पाठ लावून पॅसेजमध्ये जमिनीवर बसतो. तिच्या मैत्रिणींची नावं त्याला तिथेच कळली. गणिताची तिला भीती वाटते हेही. वर्गात एक नवी मुलगी आली आहे, तिच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून मृणाल मुद्दाम तिच्या शेजारी बसते. त्याने विचारलं असतं तर तिने "काही नाही" म्हटलं असतं. तिच्याबद्दल त्याला जे काही कळतं ते एवढ्यावरच.

गेल्या आठवड्यात ती सांगत होती, की त्या नव्या मुलीला आज बाईंनी उभं केलं आणि ती रडायला लागली. मग ती नेहमीसारखी थांबली, मान कलती करून. थांबणं जरा लांबलं. सुशांतला राहवलं नाही. चौकटीच्या बाहेरून, होईल तितक्या मायेने तो म्हणाला, "मग काय झालं?"

मृणालने वळून पाहिलं. तिला राग आलेला नव्हता. मोठ्या माणसाचा मान राखून बोलावं तसं ती म्हणाली,

"तुम्ही थोडं थांबा हं. आम्ही बोलतोय."